उंद्री हिरवी का होती

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की पुण्यातला प्रत्येक माणूस दोनच प्रश्न विचारतो. लोणारचं सरोवर पाहिलंस का, आणि शेगावला दर्शन झालं का. दोन्हींचं उत्तर नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग तू केलंस तरी काय, असं तो विचारतो आणि मी कपाशीतले सापळे पाहत होते असं सांगितलं की विषयच बदलतो. म्हणून हे लिहून काढते आहे. एकदाच सांगून मोकळी होईन.

माझ्या कामाला यूझर एक्सपीरियन्स डिझायनर म्हणतात. आई शेजारणींना नुसतं 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' असं सांगते आणि मीही आता तिला दुरुस्त करत नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये काय कुठे दिसावं, कुठलं बटण दाबल्यावर माणसाला काय कळावं, हे ठरवणं हा माझा धंदा. सहा वर्षं तो मी एका थंडगार खोलीत बसून केला. शेतकऱ्यांसाठीच्या ॲपवर काम करत होते, पण शेतकरी फक्त चित्रात पाहिलेला. फेटा बांधलेला आणि कायम हसणारा.

ॲप गुलाबी बोंडअळीचं होतं. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. काही वर्षं मिटलाही. मग गुलाबी अळीला बीटी पचायला लागली आणि ती पुन्हा बोंडांत शिरली. तिचा सुगावा आधी लागावा म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. काठीला टांगलेलं प्लास्टिकचं नरसाळं, त्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी आणि खाली बांधलेली पिशवी. नर पतंग वासाला भुलून येतात आणि पिशवीत पडतात. पतंग वाढले की समजायचं, अळी येते आहे, आता हातपाय हलवा.

शेतकऱ्याने दर गुरुवारी त्या पिशवीचा फोटो काढायचा, पतंग ॲप मोजणार. कमी असले तर स्क्रीन हिरवी, जास्त असले तर लाल. ही स्क्रीन माझी. आकडे लिहायचे नाहीत, यादीतून काही निवडायचं नाही, एक गोल आणि एक बटण. हिरवी आली की दोन हात टाळ्या वाजवतात आणि 'शाबास!' असं उमटतं. लाल आली की फोन थरथरतो. त्या टाळ्यांवर मी तीन दिवस घालवले होते आणि मला त्यांचा पोटच्या पोरासारखा अभिमान होता.

ऑफिसातल्या नकाशावर आसपासची गावं पिवळी-लाल होत असताना चिखली तालुक्यातली उंद्री पाच आठवडे हिरवीगार होती. आमच्या प्रमुख अनघाताई म्हणाल्या, जा आणि उंद्री नेमकं काय करते ते शोधून आण. सोमवारी पैसे देणारी मंडळी येणार आहेत. त्यांच्यापुढे उंद्रीची गोष्ट तू मांड, डिझाइन प्रमुखाचं पद तुझं. नुसत्या स्क्रीन रंगवून माणूस मोठा होत नाही, कामात भर घालावी लागते, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

बुधवार, नांदुरा ते उंद्री

नांदुऱ्याला उतरले तेव्हा सकाळ होती आणि मी उपाशी होते. स्टेशनबाहेर गरम कचोरी घेतली आणि सोबतची तळलेली हिरवी मिरची शोभेची असेल असं समजून अख्खी तोंडात टाकली. पुण्यात ती शोभेचीच असते. डोळे पुसत खामगावच्या गाडीत चढले, तर शेजारच्या गृहस्थांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

हे रफिकभाई. उंद्रीचेच. बैलांचे गोंडे, माथोट्या, घुंगरमाळा असा साज विकण्याचा त्यांचा पिढीजात धंदा, शिवाय तीन एकर वावर. वावर म्हणजे शेत. इथे शेत म्हणणारी मी एकटीच होते. नुकताच पोळा झाला होता आणि उरलेल्या मालाचं गाठोडं मांडीवर घेऊन ते परत निघाले होते. खामगावला गाडी बदलून आम्ही चिखलीच्या गाडीत बसलो आणि घाट लागला. या जिल्ह्यात माणसाची जात नंतर विचारतात, आधी घाटावरचा की घाटाखालचा ते विचारतात, अशी माहिती त्यांनी पुरवली. घाटाखालचे तापट आणि घाटावरचे थंड, आपण स्वतः अर्थातच घाटावरचे. हे सांगताना ते कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून दोनदा भांडले.

मी कशासाठी आले ते सांगितल्यावर रफिकभाईंनी मांडीवरचं गाठोडं सावरलं. मग म्हणाले, सापळा त्यांच्याकडेही आहे, पण फोन साधा बटणांचा, त्यामुळे फोटोबिटो नाही. "पन ताई, आमच्या उंद्रीत पाखरं नाहीत हे तुम्हाले कोनं सांगतलं?" पाखरं म्हणजे पतंग. मी म्हटलं, ॲपने. ते खिडकीबाहेर पाहू लागले. मला वाटलं, बिचाऱ्यांना तंत्रज्ञान समजत नाही.

माझी राहण्याची सोय कौसल्याबाईंकडे होती. गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, काटक, आणि घर असं लख्ख की मी चपला काढून पायही झटकले. पितळी डबे उंचीप्रमाणे ओळीत, अंगणात सडा, गोठ्यातल्या बैलाच्या शिंगांचा रंगसुद्धा ताजा. पुण्यात आम्ही 'चहा घेणार का?' असं विचारतो आणि समोरचा नको म्हणेल अशी आशा ठेवतो. इथे मी बसायच्या आत चहा ठेवला गेला होता आणि तो संपायच्या आत दुसरा.

जेवायला कळण्याची भाकरी होती. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ही भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली आणि आजवर न खाल्ल्याबद्दल स्वतःची कीव केली. सोबत ठेचा, तेल आणि कांदा. मी काय काम करते ते कौसल्याबाईंनी तीन वेळा विचारलं आणि शेवटी स्वतःच निकाल दिला. "म्हंजे बटन कोठी ठिवावं ते तू ठरवते." सहा वर्षांत माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या कोणी केली नव्हती. ती शाबासवाली टाळीही मीच केली म्हटल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

गुरुवार, वावरात

गुरुवार म्हणजे फोटोचा दिवस. सकाळी वावराकडे निघालो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि काळ्या मातीने दहा पावलांत माझ्या पांढऱ्या बुटांना एकेक शेराचं केलं. अकराव्या पावलाला उजवा बूट मातीने ठेवून घेतला. कौसल्याबाईंनी तो उपसून बांधावर ठेवला, डावाही काढायला लावला आणि पुढचे दोन दिवस मी अनवाणीच फिरले.

कपाशी कमरेला लागत होती. पिवळी फुलं, गुलाबी पडलेली फुलं, हिरवी बोंडं. मी वही काढून पटापट लिहून घेत होते. कपाशीत तुरीच्या ओळी आहेत, बांधावर झेंडू आहे, पीक दाट नाही. उंद्रीचं रहस्य यातच कुठेतरी असणार. कौसल्याबाईंच्या हातात पाण्याची कळशी आणि एक फडकं होतं. मला वाटलं, प्यायला पाणी घेतलं असेल.

सापळ्यापाशी आल्यावर त्यांनी पदर खोचला, पिशवीची गाठ सोडली, पिशवी बांधापलीकडे नेऊन झटकली, कळशीतल्या पाण्याने आतून-बाहेरून धुतली, फडक्याने कोरडी केली आणि पुन्हा बांधली. नरसाळ्यावरूनही एक हात फिरवला. मग दोन पावलं मागे सरकून त्यांनी फोटो काढला. स्क्रीन हिरवी झाली. दोन हातांनी टाळ्या वाजवल्या. शाबास!

माझ्या हातातली वही तशीच राहिली. मी विचारलं, काकू, हे दर वेळी करता?

"करावंच लागते नं. फोटू पुण्याले जाते. मंग घान कशी पाठवायची?"

मी म्हटलं, पण असं करायला सांगितलं कोणी? त्या हसल्या. तुझ्या मोबाइलनेच, म्हणाल्या, आणि सगळी हकिगत सांगितली. "पयल्या बारीले मी नाही धुतला. तं मोबाईल लालभडक झाला अन् असा थरथरला का हातातून पडला माह्या. मले वाटलं, रागावला. मंग धुऊन-पुसून पुन्हा काढला तं टाळ्या वाजवल्या त्यानं. शाबास म्हनलं. माह्या जल्मात मले कोनी शाबास म्हनलं नाही व माय."

मग त्यांनी हे बचत गटात सगळ्यांना शिकवलं होतं. बावीस घरांत दर गुरुवारी सकाळी सापळे घासले जात होते. महालक्ष्म्यांची भांडी घासावीत तसे. पाहुण्यासमोर खरकटं ताट कोणी ठेवत नाही, तर पुण्यासमोर पतंग कसे ठेवणार? आणि एवढं सगळं मीच शिकवलं होतं, तीन दिवस खपून केलेल्या टाळ्यांनी.

बांधापलीकडे रफिकभाईंचं वावर. मी अनवाणीच पळाले. त्यांच्या सापळ्याची पिशवी करड्या पतंगांनी फुगली होती. रफिकभाई आले, माझ्याकडे न पाहता त्यांनी एक बोंड तोडलं आणि चाकूने उभं कापलं. आत कोवळ्या रुईत गुलाबी अळी वळवळत होती. चार बोंडं कापली, दोहोंत निघाली. मग आम्ही बांध ओलांडून कौसल्याबाईंची बोंडं कापली. तिथेही तेच.

"मी भाभीले म्हनत होतो, माह्यात पाखरं हायेत तं तुमच्यात काऊन नाहीत," रफिकभाई म्हणाले. "पन तुमचा मोबाईल शाबास म्हने. मंग माह्यं कोन ऐकते?"

कौसल्याबाईंनी कापलेलं बोंड हातात घेतलं आणि त्या तिथेच बांधावर बसल्या. काही वर्षांपूर्वी याच अळीने सगळी कपाशी खाल्ली तेव्हा गावाने उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला होता. तो आवाज अजून कानात आहे असं त्या आदल्या दिवशीच बोलल्या होत्या. आता त्यांना कपाशीपेक्षाही दुसरीच गोष्ट खात होती. "साऱ्या गावाले मी शिकवलं. आता मले गाव काय म्हनीन?"

मला लाज वाटली. अशी लाज की कोणी पाहत नसतं तर मी रडले असते. नेमका तेव्हाच अनघाताईंचा फोन आला. काय गं, सापडलं का उंद्रीचं रहस्य? मी म्हटलं, सापडलं, सोमवारी सांगते. फोन ठेवला आणि मनात आलं ते खरं तेच लिहिते. हे आत्ता इथे तीन माणसांनाच माहीत आहे. गावाला हळूच सावध करावं, सोमवारी तुरीच्या ओळींची आणि झेंडूची गोष्ट सांगावी, पद घ्यावं आणि टाळ्या मागाहून गुपचूप काढून टाकाव्यात. हा विचार माझ्या डोक्यात अर्धा बांध चालेपर्यंत होता. मग समोर चालणाऱ्या कौसल्याबाईंची रिकामी कळशी दिसली. पद मला त्यांच्या जिवावर मिळणार होतं आणि माझी चूक मात्र त्यांच्या नावावर जाणार होती.

दुपारी मारुतीच्या पारावर गट जमला. कौसल्याबाई बोलायला उठणार, त्याआधी मी उठले. सांगितलं की चूक यांची नाही, माझी आहे. पतंग सापडले तर मी फोनला थरथरायला लावलं आणि रिकाम्या पिशवीला शाबासकी दिली. तुम्ही शाबासकी मिळेल तेच केलंत, कोणीही केलं असतं. अळी बोंडांत शिरली आहे, आजच कामाला लागा. मग मागून एक म्हातारी बोलली की म्हणूनच मी विचारत होते, सापळा दर गुरुवारी घासायचा तर लावायचा कशाला. सगळ्या बाया फिदीफिदी हसू लागल्या, कौसल्याबाईसुद्धा, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

रफिकभाईंनी कृषी सहायकाला फोन लावला. अजून हातातून गेलं नव्हतं, असं सहायकांनी सांगितलं. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमलता गुलाबासारख्या मिटून राहिलेल्या कळ्या, वेचून नष्ट करायच्या आणि दोन दिवसांत ते येऊन बोंडं पाहून फवारणी सांगणार. दिवस मावळेपर्यंत आम्ही डोमकळ्या वेचल्या. मला पहिल्या तासात ओळखता येईनात. चांगली फुलं तोडते म्हणून दोनदा बोलणी खाल्ली.

वेचता वेचताच मी कौसल्याबाईंना विचारलं, तुम्ही असता तर हे बटण कसं केलं असतं? त्यांना विचार करावाच लागला नाही. "ज्याच्या पिशवीत जास्त, त्याले शाबास म्हन. त्यानं पकडले नं. रिकाम्या पिशवीनं काय केलं?"

मी चिखलाच्या हातांनीच ते वहीत लिहिलं. ते पान अजून माझ्या टेबलावर लावलेलं आहे.

शुक्रवार, साखरखेर्डा

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई म्हणाल्या, मला साखरखेर्ड्याला बहिणीकडे जायचं आहे, तूही चल, एकटीला मला तोंड दाखवता येणार नाही. भानगड अशी की धाकट्या बहिणीचं, शांताबाईंचं, गाव नकाशावर लाल होतं, आणि पाच आठवडे थोरली तिला फोनवर गबाळी म्हणत होती. चिखलीला गाडी बदलून आम्ही पोचलो. साखरखेर्डा जालन्याच्या बाजूला, तिथे 'मले-तुले' संपून 'मला-तुला' सुरू होतं आणि पुणेकराच्या कानाला उगाच घरी आल्यासारखं वाटतं.

शांताबाई दारातच उभ्या होत्या. खबर आधीच पोचली होती. "पाच हप्ते मला गबाळी म्हणत व्हतीस. ये, आता माझ्याकडनं शिक." आणि त्यांनी मोठ्या बहिणीचा हात धरून तिला थेट वावरात नेलं. फोन थरथरला त्याच दिवशी त्यांनी घाबरून डोमकळ्या वेचायला सुरुवात केली होती, फवारणीही वेळेवर झाली होती. दहा बोंडं कापली, एकाही बोंडात अळी नव्हती. ऑफिसात याच लाल गावाकडे पाहून आम्ही चुकचुकलो होतो. कौसल्याबाई चोरासारख्या उभ्या होत्या. मग शांताबाईंनी मिरचीची भाजी आणि भाकरी वाढली. तूरडाळ आणि वांगं घातलेली ती भाजी खाताना आम्हा तिघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि कोणाचं कशाने हे विचारायची गरज पडली नाही.

सोमवार, पुणे

बैठकीत मी नकाशा दाखवला आणि उंद्रीचा ठिपका सर्वांसमोर हिरव्याचा लाल केला. मग कळशी, फडकं आणि शाबासची गोष्ट सांगितली. पैसे देणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी विचारलं, ही स्क्रीन केली कोणी? मी हात वर केला. मग मी वहीचं चिखलाचं पान दाखवलं आणि नवी स्क्रीन समजावली. भरलेल्या पिशवीला टाळ्या, आणि लगेच पुढे काय करायचं ते. फोन थरथरणार नाही, आणि पिशवी सलग रिकामी दिसली तर शाबास न म्हणता गावात चौकशी होईल.

बाहेर आल्यावर अनघाताई म्हणाल्या, प्रमुख व्हायला गेलीस आणि स्वतःचीच स्क्रीन पाडून आलीस. पद या वर्षी मिळालं नाही. पण पुढच्या महिन्यापासून कुठलीही स्क्रीन शेतात एक गुरुवार काढल्याशिवाय पुढे जाणार नाही, असा नियम त्यांनी केला आणि तो राबवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. आईने शेजारणींना सांगितलं, ती आता शेतीत आहे.

नवी स्क्रीन लोकांच्या फोनवर जायला दोन आठवडे लागणार होते. पुढच्याच गुरुवारी सकाळी कौसल्याबाईंनी सापळ्याचा फोटो मलाही पाठवला. पिशवी पतंगांनी भरलेली, अजिबात न धुतलेली. मात्र सापळ्याखालची जमीन झाडून तिथे चार बोटांएवढी रांगोळी काढली होती. सोबत त्यांच्या आवाजात निरोप होता. "पाह्य व पोरी, नाही धुतला. लय जीवावर आलं, पन नाही धुतला."

त्यांच्या हातातली जुनी स्क्रीन आता लालभडक होऊन थरथरत असणार, हे मला ठाऊक होतं. मी चालू बैठकीतून उठून बाहेर आले, फोन लावला आणि म्हटलं, "काकू, शाबास."

त्या म्हणाल्या, "हाव. आता रफिकभाईले म्हन. त्यायची पिशवी माह्यापेक्षा भरली हाये, अन् ते अठीच हुभे हायेत."